तातू गावड्यांचा हात

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आपण उत्तम गाडी चालवतो असं वाटत असतं. मलाही वाटायचं. त्यात मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, म्हणजे घर्षण या विषयावर दरवर्षी चार तास बोलायचा मला पगारी अधिकार आहे. तातू गावड्यांनी तो अधिकार पहिल्याच भेटीत काढून घेतला.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शिरलं की डाव्या हाताला त्यांचा गाळा होता. पाटीवर नाव नव्हतं. नुसतं 'टायर, पंक्चर, हवा'. मी पंक्चर काढायला गेले होते. जुलै महिना होता. त्यांनी जॅक लावला, चाक काढलं, खिळा शोधला आणि खिळा तसाच ठेवून चाक माझ्यासमोर आणून उभं केलं.

"ह्याचं पंक्चर मी काढत नाय."

"का?"

"मेलेल्याला इंजेक्शन देतात काय?"

मग त्यांनी मला वाकायला लावलं. टायरच्या खाचांमध्ये तळाशी रबराची एक बारीक आडवी पट्टी असते. टायर नवा असताना ती खोल बसलेली असते, कोणाच्या लक्षातही येत नाही. वरचं रबर झिजत झिजत त्या पट्टीला येऊन मिळालं की टायर संपला. माझ्या टायरवर पट्टी आणि रबर दोन्ही एका पातळीत होतं. पण हा माणूस मला नवा टायर विकायला बघतोय अशी माझी खात्री झाली होती, म्हणून मी वर्गात बोलते तशी बोलले, "कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरची पकड उलट जास्त असते, माहितीये ना?"

त्यांनी कमरेवर हात ठेवला. "टीचर, जुलै म्हयन्यात कांदिवलीत कोरडो रस्तो खंय आसा तो माका दाखवा. ह्यो गाळो तुमच्या नावावर करतंय."

मी शिक्षिका आहे हे मी सांगितलं नव्हतं. ते माझ्या आवाजावरून कळतं म्हणे. आणि नवे टायर ते विकतच नसत. पंक्चर, हवा, चाकं बदलणं आणि दुसरीकडून आणलेले टायर चढवणं, एवढंच त्यांचं काम. मी तोंड पाडून दुकानातून दोन टायर घेऊन आले. ते चढवून झाल्यावर त्यांनी जुने दोन्ही आडवे पाडले आणि मोठ्या सुरीने त्यांच्या कुशी, म्हणजे बाजूच्या भिंती, फाडल्या. मला वाटलं, राग काढतायत. तर ती त्यांची रीतच होती. संपलेले टायर विकत घेऊन त्यांत नव्याने खाचा कोरणारे आणि काळा रंग फासून परत विकणारे लोक आहेत. तातूकाकांच्या गाळ्यातून एकही टायर त्यांच्या हाती जिवंत जात नसे. त्या लोकांनी त्यांना दोन-तीनदा दम दिला होता. काकांनी सुरीला धार लावून आणली.

बुटकी, रुंद मूर्ती. खाकी हाफपँट, वर एके काळचा पांढरा बनियन, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा तातूकाका नुकतेच कमवायला लागले होते, आणि हाताला लागेल ते काम करत करत टायरमध्ये आले ते तिथेच राहिले. मूळ गाव वैभववाडीकडे. गिऱ्हाइकाशी ते मुंबईची मराठी बोलत, पण चिडले किंवा खूश झाले की सरळ मालवणीत उतरत. टायरला लाथ मारून बघणारा माणूस त्यांना खपत नसे. हवा आहे का बघायला आपण सगळेच मारतो. ते म्हणायचे, "लाथ मारू नको रे, तो तुका घेवन फिरता." अशा वेळी समोरचा मोठा साहेब असला तरी अरे-तुरेच. आणि हवा भरायला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ते आपला तळहात उघडून दाखवायचे. "एवढी मोठी गाडी रस्त्याला किती टेकते? असे चार हात. बाकी सगळी हवेत."

त्यांचं खरं हत्यार तो तळहातच होता. चाक फिरवायचे आणि डोळे मिटून रबरावरून हात आधी बाहेरून आत न्यायचे, मग आतून बाहेर. "जाताना मांजर, येताना करवत," असं म्हणाले की समजायचं, चाकांची दिशा बिघडली आहे, अलाइनमेंट करून घ्यायची. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरता. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा भरायचा कंटाळा करता. जागोजागी खळगे लागले तर शॉकअप गेले. हे सगळं डोळ्यांनाही दिसतं, पण चाकाची आतली कडा गाडीखाली असते, तिथे नजर पोचत नाही. तिथे त्यांचा हात कोपरापर्यंत आत जायचा आणि बातमी घेऊन बाहेर यायचा. माझे टायर बघून एकदा म्हणाले, "तुमी घरातून भांडून निघता काय? ब्रेक फार जोरात मारता." मी त्या दिवशी खरंच भांडून निघाले होते. नंतर बरेच दिवस मी ब्रेक हळू मारत होते, नवऱ्याशी भांडण मात्र चालूच होतं.

गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे काकांची बोर्डाची परीक्षा. कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग इस्टेटीच्या गेटाबाहेर जायची. चारही चाकं तपासून झाली की काका पुढच्या टायरवर खडूने बरोबरची खूण करत. ती खूण लोक गावाला पोचेपर्यंत पुसू देत नसत, इतका तिचा मान. खूण मिळाली नाही तर काका हवाही भरत नसत. "हवा भरली म्हणजे मी जा म्हटलं," असा त्यांचा हिशेब.

एका वर्षी तावडे आले. तावडे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, महापालिकेतून निवृत्त, नेटके गृहस्थ. त्यांची गाडी वर्षभर कव्हर घालून उभी असते, आठवड्यातून एकदा पुसली जाते आणि फक्त गणपतीला गावी जाते. या प्रकारच्या गाड्या चारकोपात पुष्कळ. काकांनी हात फिरवला, मग बॅटरीच्या उजेडात टायरच्या कुशीवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष.

"नऊ वर्षां झाली, तावडेनू. ह्या टायरांनी जावचा नाय."

"अहो तातू, नीट बघा. टायरवरचे रबराचे केससुद्धा अजून गेले नाहीत. नवे आहेत ते!"

"केस आसत म्हणान जवान? माणूस घरात बसान ऱ्हवलो म्हणान म्हातारो होवचो नाय काय?"

काकांनी अंगठ्याने कुशीचं रबर दाबलं तेव्हा त्यात बारीक बारीक चिरा उघडल्या. तावड्यांनी चिरा पाहिल्या आणि तरीही म्हणाले, गेल्या वर्षी याच टायरांनी गेलो, काही झालं नाही, वर्षातून एकदा तर गाडी निघते, झिजणार कुठून? दोघांची चांगलीच जुंपली. मागची रांग हॉर्न वाजवायला लागली. शेवटी मिसेस तावडे मखराचं खोकं घेऊन गाडीतून उतरल्या आणि काकांच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "तुम्ही आणि गणपती जा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी इथेच बसते. आल्यावर मला घेऊन जा." तावडे तासाभराने चार नवे टायर घेऊन आले. जुन्यांवर काकांनी सुरी चालवली तेव्हा तावड्यांनी तोंड फिरवलं. बिचाऱ्यांनी नऊ वर्षं पुसले होते ते.

काकांना एकच मुलगी, सुरेखा. दहिसरला राहते, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. काकू गेल्यापासून ती दर रविवारी गाळ्यावर यायची आणि सगळ्यांसमोर बापाच्या बोटाला सुई टोचून साखर बघायची. साखर कधीच तिला आवडेल एवढी नसायची. एका रविवारी मी हवा भरायला गेले होते तेव्हा तिने विचारलं, "बाबा, खरं सांग. बोटांना मुंग्या येतात? वस्तू धरलेली कळते ना?"

"कळता गो."

"ज्या दिवशी कळणार नाही त्या दिवशी गाळ्याला कुलूप. माझ्या गळ्याची शपथ घे."

त्यांनी घेतली. ती गेल्यावर मला म्हणाले, "घरी मी कोणाच्या कामाचा, टीचर? टीव्हीच्या?" हसत म्हणाले, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. हा गाळा गेला की त्यांच्याकडे दुसरं काहीच उरणार नव्हतं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. ग्लास इतका तापलेला होता की मी तो धरताच खाली ठेवला. काकांनी त्यांचा ग्लास मुठीत घट्ट धरला होता आणि माझ्याशी निवांत बोलत होते. मी त्यांच्या मुठीकडे बघत राहिले. मग त्यांनीही बघितलं. हळूच ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "सुरेखाला सांगू नका."

मी नाही सांगितलं. इथे मी चुकले. त्यांची दया आली आणि दयेपोटी मी गप्प बसले. माझ्याच्याने एवढंच झालं की टायरच्या खाचांची खोली मोजायचं एक लहानसं मोजमाप त्यांना आणून दिलं. त्यांनी ते खिळ्याला टांगून ठेवलं. "किती झिजला ते हे सांगतं," म्हणाले. "का झिजला ते नाय सांगत."

त्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी मी पुण्याला भावाकडे जायची तयारी करत होते. आई बरोबर येणार होती. सकाळी गाळा उघडताच गाडी नेऊन दिली. काकांनी माझ्यासमोरच हात फिरवून हवा भरली, म्हणाले झकास आहे, आणि वायपरचं रबर बदलून ठेवतो, संध्याकाळी न्या. मी चालत घरी आले. चार वाजता परत गेले तेव्हा रांग संपली होती आणि ते हात धूत होते. त्यांच्या मधल्या बोटाच्या टोकाला काहीतरी चमकलं.

"काका, बोटात काय गेलंय?"

त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. पक्कड घेऊन ओढलं. नखाएवढी, केसासारखी बारीक, पितळी रंगाची तार निघाली. मागून रक्ताचा थेंब आला. ते बोटाकडे असे बघत होते की जणू ते दुसऱ्याच कोणाचं आहे.

"टायरच्या आतली तार," ते म्हणाले. टायरच्या रबराखाली तारांचं जाळं असतं. रबर पार संपलं की ते उघडं पडतं, आणि असा टायर वेगात कधीही फुटतो. म्हणजे सकाळपासून ज्या गाड्यांवर त्यांनी खडूची खूण केली होती त्यातल्या कुठल्यातरी एका गाडीच्या आतल्या कडेला तारा बाहेर आल्या होत्या. हात त्यांच्यावरून फिरला होता आणि हाताला कळलं नव्हतं. त्यातली बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती.

काका स्टुलावर बसले. बोटांवर मोजायला लागले. खूण केलेल्या गाड्या दहा. सगळ्या ओळखीच्या, दोन बोरिवलीच्या सोडल्या तर आसपासच्या सोसायट्यांमधल्या.

मी म्हटलं, "फोन करू सगळ्यांना. सांगू की बॅटरी बंद होती, आतली कडा बघायची राहिली."

"खोटा सांगलंय तर ते म्हणतले, तातूचो हात फिरलो मां, झाला. आनी उद्या फाटफटी निघान जातले." ते उठले. "खरा सांगूक होया. चला, तुमची गाडी काढा."

याची त्यांना काय किंमत मोजावी लागणार होती हे मला कळत होतं. एकदा हे चारकोपात पसरलं की गाळ्याला कुलूप लावायला सुरेखाची गरज उरणार नव्हती. मी चावी हातात धरून उभीच राहिले. ते माझ्या आधी गाडीत जाऊन बसले.

पहिल्या सोसायटीत वॉचमनने माणसाला खाली बोलावलं. काका म्हणाले, "सकाळची खूण खरी धरू नका. माझ्या बोटांना कळेनासं झालंय. परत बघू द्या." आवाज कापत होता. मग ते पार्किंगच्या ओल्या फरशीवर पाठ टेकून आडवे झाले, गाडीखाली डोकं घातलं आणि बॅटरीच्या उजेडात आतल्या कडा डोळ्यांनी बघितल्या. टायर चांगले होते. दुसरीकडे तेच वाक्य, तेच आडवं होणं. चौथ्या गाडीपासून आवाज कापायचा थांबला. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे गेल्या वर्षीपण असंच बघितलं होतं काय?" काका म्हणाले, "गेल्या वर्षी कळत होता. यंदा नाय." एका आजींनी त्यांची भिजलेली पाठ पाहून घरातून टॉवेल आणून दिला आणि डोक्यावरून हात फिरवला. साठी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावरून. मला तिथे रडू आलं, आणि मी उगाचच आरसा पुसत बसले.

तावडे आमच्या सातव्या नंबरावर. त्यांचे टायर तर तरुणच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोरिवलीच्या दोघांना फोन करून गाड्या आपल्या सोसायटीत आणवल्या, म्हणजे काकांची फेरी वाचली. शेवटची गाडी पुढच्या सेक्टरातली. सात वाजता दहाच्या दहा बघून झाल्या. एकीलाही तार नव्हती.

गाळ्यासमोर मी गाडी थांबवली. काका उतरले नाहीत. हळूच म्हणाले, "टीचर, सकाळची पहिली गाडी कोणाची?"

माझी. घरची म्हणून तिच्यावर खडूची खूण केली नव्हती, आणि मोजताना आम्ही खुणा मोजल्या होत्या. मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि उतरून बघितलं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेला रबर नावाला नव्हतं. तारा बाहेर येऊन उभ्या होत्या. त्याच चाकावर आम्ही तीन तास गल्लीगल्ली फिरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मागे बसवून मी एक्सप्रेसवेवर जाणार होते. मी गाडीचा दरवाजा धरून उभी राहिले.

"अलाइनमेंट करा म्हणून तुम्ही मला वर्षापूर्वी सांगितलं होतं," मी म्हटलं. "मीच केलं नाही."

"ती तुमची चूक. ही माझी." त्यांनी स्टेपनी चढवली. मग फोन काढला, चष्मा लावून नंबर शोधला. "सुरेखा? उद्या सकाळी ये. कुलूप घेऊन ये." पलीकडून ती बरंच काही बोलत होती. ते ऐकत राहिले. "होय गो. नाय कळत. चहाचा ग्लास पण नाय कळत." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी दोन नवे टायर घेऊन गाळ्यावर गेले. मनात होतं, रस्ता मोकळा असेल. बघते तर रांग होती. आदल्या दिवसापेक्षा थोडी लहान, पण होती. दोघे-तिघे रांग सोडून निघूनही गेले होते, आणि त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. काका स्टुलावर बसले होते आणि गाड्यांचे मालक जमिनीवर. ज्याची गाडी त्याने गुडघे टेकून हात आत घालायचा, आणि काका विचारणार त्याचं उत्तर द्यायचं. "खालून वर ने. काय लागता? मऊ? आता उलट फिरव. कडेला काय आसा?" प्रवासाचे इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी उत्तरं देत होती. उत्तर गुळमुळीत आलं की काका परत करायला लावायचे.

माझे टायर चढवायला शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरने मदत केली. तेवढ्यात सुरेखा आली. हातात नवंकोरं कुलूप, डोळे सुजलेले. भांडायची पूर्ण तयारी करून आली होती. समोरचा प्रकार बघून ती जागच्या जागी थांबली. एक गाडी रांगेत होती, तिचे मालक पाठीचा पट्टा बांधलेले आजोबा होते आणि त्यांना वाकताच येत नव्हतं.

काका म्हणाले, "सुरेखा, हात घाल."

"बाबा, मला कामावर जायचंय."

"माकाव जावचाच आसा. घाल."

त्या दिवशी दुपारी त्यांनी कुलूप लावलं ते कायमचं. काही दिवसांनी ते गावी गेले. तिथे त्यांची बोटं अजून अधू झाली असं सुरेखाने मला फोनवर सांगितलं. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, गाडी सुरू करता करता. सुरेखाने कुलूप पाण्याच्या ड्रमवर ठेवलं, ओढणी खोचली, गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात चाकामागे घातला. काका डोळे मिटून बसले होते.

"बाबा, सगळं गुळगुळीत आहे. थांब. इथे काहीतरी फुगलंय."

"केवढा?"

"लिंबाएवढं. दाबलं की आत जातंय."

तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून टायर पास केला नव्हता की नापास केला नव्हता. काकांनी डोळे उघडले, खडू खिशात टाकला आणि आजोबांकडे वळून म्हणाले, "साहेब, ही गाडी आज जात नाय." स्वतः वाकून बघितलंसुद्धा नाही.